लेकीची एसआरवाय चाचणी आणि काउंटरवरची पाटी

मुलगी बाहेरच्या देशात धावायला निघाली असेल तर आधी एवढं लक्षात ठेवा: लॅबच्या काउंटरवर 'लिंग तपासणी' हा शब्द तोंडातून काढू नका. मी काढला आणि बीड ते संभाजीनगर तीन चकरा झाल्या.

१ सप्टेंबर २०२५ पासून वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्स या मैदानी खेळांच्या जागतिक संघटनेचा नियम आहे. जागतिक अजिंक्यपदाला महिला गटात उतरायचं तर एसआरवाय जनुकाची, म्हणजे सहसा पुरुषांच्या वाय गुणसूत्रावर असणाऱ्या जनुकाची चाचणी, आयुष्यात एकदाच. गालाच्या आतून काडी फिरवतात, नाहीतर रक्त घेतात. तिच्या प्रशिक्षक सरांचा निरोप आला, आम्ही निघालो.

काउंटरवरच्या पोरीनं मान वरसुद्धा केली नाही. मागच्या पाटीकडं बोट केलं: 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही.' "काकू, कायद्यानं गुन्हा आहे." मी म्हटलं, "अगं, पोटातल्या बाळाची नाही, ही समोर उभी आहे तिची!" रांगेतले सगळे वळून बघायला लागले. लेक चपलेकडं बघत राहिली. मॅनेजर म्हणाला, डॉक्टरांची चिठ्ठी आणा. दुसऱ्या खेपेला चिठ्ठी नेली, तर तिच्यावर 'जेंडर टेस्ट' लिहिलेलं. पुन्हा तीच पाटी. आमच्या जिल्ह्याचं नाव ऐकूनच ते दचकत असावेत, आणि त्यात त्यांचं सगळंच चुकीचं आहे असंही नाही. हिच्या वेळी सोनोग्राफीआधी मीच सही केली होती, बाळाचं लिंग जाणून घ्यायचं नाही म्हणून. आता एकोणीस वर्षांनी उलट्या कामासाठी हात जोडत होते.

चिठ्ठीवर 'एसआरवाय जनुक, पीसीआर, क्रीडा पात्रतेसाठी' एवढंच हवं. तिसऱ्या खेपेला काम पाच मिनिटांत झालं.

परतीच्या एसटीत लेकीनं विचारलं, "आलं तर?" धावपटू सांथी सौंदराजनचं दोहाच्या २००६ च्या आशियाई स्पर्धेतलं रौप्य लिंग तपासणीनंतर काढून घेतलं होतं. धावपटू द्युती चंदला २०१४ मध्ये अशाच कारणानं संघातून वगळलं, तेव्हा ती क्रीडा लवादापर्यंत लढली. हे सगळं सरांनीच तिला सांगितलेलं. मी म्हटलं, आलं तरी तू माझी लेकच, पुढचं डॉक्टर बघतील. पोटात मात्र गोळा होता.

अहवाल आला: एसआरवाय आढळले नाही. आणि हो, फॉर्मवर नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा. आमच्या अहवालात वडिलांचं नाव गाळलंय, म्हणून सोमवारी चौथी चकर.