मुलाला सेमिनरीत का नाही पाठवलं?

चर्च बंद होऊ नये म्हणून एवढे भांडलात, मग स्वतःच्या मुलाला फादर व्हायला सेमिनरीत का नाही पाठवलंत? हा प्रश्न मला अंत्यविधीच्या रांगेतसुद्धा विचारला गेलाय. विचारणाऱ्यांपैकी किती जणांनी आपली पोरं पाठवली, ते सोडा. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सांगतो.

चर्च बंद करण्यावरच्या त्या सभेला बिशपांचे प्रतिनिधी नकाशा घेऊन आले होते. आमच्या धर्मग्रामावरून, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीवरून, शेजारच्या धर्मग्रामाकडे पेन्सिलीने बाण काढलेला. मी तयारीनिशी गेलो होतो. धर्मग्राम मोडायचा तर चर्चच्या कायद्यातल्या कॅनन ५१५ प्रमाणे बिशपांना आधी धर्मगुरूंच्या मंडळाचं ऐकून घ्यावं लागतं. चर्चची इमारत उपासनेतून काढायला कॅनन १२२२ गंभीर कारण मागतो, आणि धर्मग्राम विलीन झाला एवढं कारण पुरत नाही, हे रोमनेच, म्हणजे व्हॅटिकननेच, २०१३ मध्ये स्पष्ट केलंय. सगळं घडाघडा बोललो. टाळ्या पडल्या. प्रतिनिधींनी चष्मा पुसला. "मान्य. पण फादर कुठून आणू? तुमच्यापैकी कोणाच्या घरातून?"

कोणी बोलेना. मी उगाच कागद चाळत बसलो. तेवढ्यात शेजारी बसलेला माझा मुलगा उभा राहिला. "मी सतराव्या वर्षी विचारलं होतं. घरून नको म्हणाले." आणि खाली बसला. कोण नको म्हणालं ते त्याने सांगितलं नाही. सगळे माझ्याकडेच बघत होते.

खरंय ते. त्याने फॉर्म जेवणाच्या टेबलावर ठेवला होता. फादरांची सही झालेली, पालकांची जागा रिकामी. मी म्हणालो, आधी डिग्री घे, मग बघू. आमच्या घरात 'मग बघू'चा अर्थ सगळ्यांना कळतो.

पण तेव्हा मी काय बघत होतो तेही ऐका. एका फादरांकडे तीन चर्चं. धर्मगुरूंची टंचाई असेल तर बिशपांच्या परवानगीने रविवारी तीन मिस्सांपर्यंत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनांपर्यंत, मुभा आहे, आणि आमचे फादर ती दर रविवारी पुरेपूर वापरायचे. एक मिस्सा संपली की झगा अंगावर तसाच ठेवून गाडीत. रात्री एवढ्या मोठ्या बंगल्यात एकटे. कोणाचा रुग्णाभ्यंग, म्हणजे आजाऱ्याला तेल लावायचा विधी, राहिला की बोलणी त्यांनाच. त्यात पोराला लोटू?

तेव्हा मी म्हणायचो, फादरांनी अविवाहितच का राहायचं, विवाहितांनाही फादर होण्याची दीक्षा द्या, प्रश्न सुटेल. २०१९ च्या अमेझॉन सिनॉडने, म्हणजे त्या प्रदेशासाठी भरलेल्या बिशपांच्या सभेने, दुर्गम भागांपुरती तशी मागणी केलीही. २०२० मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या पत्रात त्याला होकार नव्हता. मी चिडलो. मुलगा म्हणाला, "पप्पा, माझं लग्नामुळे अडलं नव्हतं." यावर माझ्याकडे उत्तर नाही.

तरी त्याने आज तोच फॉर्म पुढे ठेवला, तर मी परत डिग्रीच म्हणेन. आणि चर्चसाठी परत भांडेनही. दोन्ही एकत्र बसत नाही म्हणता? नसेल बसत. तुमच्या घरातला सही केलेला फॉर्म घेऊन या, मग बोलू.