तुम्ही विचारलंत म्हणून: वास उतरल्यावर काय उरतं?

"या व्हॅनिला-संत्र्याच्या वासाच्या चहात खरंच काही असतं, की नुसता वास?" घरी कुणी आलं आणि ओट्याशेजारचे डबे दिसले की हा प्रश्न ठरलेला. माझा एक मित्र तर विचारण्याच्याही भानगडीत पडत नाही. "काय बे, गरम पाण्यात अत्तर टाकून पितोस आणि त्याला चहा म्हणतोस?" त्याचा चहा म्हणजे आमच्या सोलापुरातल्या सात रस्त्याच्या बाजूच्या टपरीवरचा, आलं ठेचून घातलेला, दूध आटेपर्यंत उकळलेला. त्याच्यापुढे अर्ल ग्रे, म्हणजे लिंबूवर्गीय सालीच्या वासाचा काळा चहा, ठेवला की तो कप नाकापर्यंत नेतो आणि न पिता खाली ठेवतो.

तर उत्तर असं, की बराचसा वासच असतो. पण त्यात कमीपणा काय? व्हॅनिलाच्या चहाचा एक घोट नाक घट्ट धरून घ्या. व्हॅनिला गायब. जिभेवर थोडं कडू, थोडं तुरट आणि गरम पाणी. घोट तोंडात असतानाच नाक सोडा, व्हॅनिला लगेच हजर. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू अशा मोजक्याच गोष्टी कळतात. बाकी आपण ज्याला चव म्हणतो ते घशाच्या मागून नाकात चढणाऱ्या वासाचं काम. हापूसचंही तेच आहे, सर्दी झालेली असताना खाऊन बघा. म्हणून वास आहे का, हे मी विचारतच नाही. वास उतरल्यावर कपात काय उरतं ते बघतो. बहुतेक डबे तिथंच नापास होतात.

कारण वास वरून चढवलेला असतो. आधी काळा चहा तयार होतो, म्हणजे पानं सुकवून, चुरगळून, हवेत काळी पडू देऊन वाळवतात. मग त्यावर तेल किंवा इसेन्स फवारून तो घोळतात. पाकिटात दिसणाऱ्या पाकळ्या, संत्र्याच्या सालीचे तुकडे, वाळलेली स्ट्रॉबेरी हे मुख्यतः डोळ्यांसाठी. तीन मिनिटांत त्या तुकड्यांतून पाण्यात फारसं काही येत नाही. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात वास नैसर्गिक आहे की कृत्रिम हे लिहिलेलं असतं, तेवढं वाचा आणि पुढच्या बाजूचं चित्र विसरा.

अर्ल ग्रेचं उदाहरण घ्या. १८३० ते १८३४ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान असलेल्या चार्ल्स ग्रे यांच्या नावाचा हा चहा. त्याचा वास येतो तो बर्गमॉट नावाच्या लिंबूवर्गीय फळाच्या सालीतल्या तेलातून. ही फळं मुख्यतः इटलीच्या दक्षिण टोकाला, कलाब्रियात पिकतात. तेल चांगलं आणि बेतानं घातलेलं असेल तर आधी साल नखानं सोलल्यासारखा ताजा वास येतो आणि त्याखाली चहाचा तुरटपणा लागतो. तेल जास्त झालं तर साबणच. अशा वेळी समजायचं की खालचा चहा कुणाला दाखवण्यासारखा नव्हता.

चव घ्यायची पद्धत चहाच्या धंद्यातल्या लोकांनी ठरवून ठेवली आहे. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं आयएसओ ३१०३ नावाचं मानकच आहे, पहिल्यांदा १९८० मध्ये आलेलं. १०० मिलिलिटर उकळत्या पाण्याला २ ग्रॅम चहा आणि ६ मिनिटं. इतका कडक चहा कुणी आवडीनं पिणार नाही. तो दोष शोधण्यासाठी असतो, लपायला जागाच राहत नाही. घरी मी दोन्ही करतो. आधी एक छोटा कप असा कडक, मग प्यायचा चहा तीन मिनिटांचा. कप आतून पांढरे हवेत, नाहीतर रंग कळत नाही. गाळणी वेगळी हवी, रोजच्या गाळणीला आल्या-वेलचीचा वास मुरलेला असतो. आणि बिनवासाचा साधा काळा चहा शेजारी पाहिजेच, तुलनेला. दोन चहांच्या मध्ये तोंड साफ करायला लोक बिस्किटं खातात, ती गोड असल्यामुळे पुढचा चहा उगाच कडू लागतो. आपल्याकडे त्यावर उत्तम उपाय आहे, कडक भाकरी. तीळ-मीठ न लावलेली घ्या, एक तुकडा चावून खा, जीभ कोरी. शेंगाचटणी मात्र सगळं संपल्यावर.

आणि भुरका मारा. अगदी आवाज करून. भुरक्याबरोबर हवा आत जाते, चहा बारीक तुषार होऊन तोंडभर उडतो आणि वास नाकापर्यंत पोचतो. ज्यासाठी आपण लहानपणी पाठीत धपाटे खाल्ले, त्याच गोष्टीचा चहा पारखणाऱ्यांना पगार मिळतो.

नंतर तो चहा बशीत ओता आणि गार होऊ द्या. माझ्या मते खरी परीक्षा ही. गरम असताना वाफेबरोबर वास उसळत राहतो आणि आपण त्यातच गुंततो. गार झाल्यावर वास बसतो. मग चांगला आसामचा चहा असेल तर तोंडात भरीव लागतो, नीलगिरी डोंगरांतला असेल तर हलका पण स्वच्छ. भुकटीवर वास मारलेला असेल तर जीभ नुसती ओढली जाते. कॅरॅमल, चॉकलेट, व्हॅनिलावाले इथं हमखास उघडे पडतात. या वासांची आपल्या डोक्यात गोडाशी गाठ बसलेली असते, चहात मात्र साखर नसते. पाहुणे म्हणतात, "वास पेढ्याचा आणि चव काढ्याची." अशा चहात अर्धा चमचा साखर घालायला माझी काही हरकत नाही. घातली की वास आणि चव एकमेकांशी बोलायला लागतात.

पाण्याबद्दल कुणी विचारत नाही, पण सोलापुरात ते सांगायला हवं. नळाला काही दिवसांआड पाणी, त्यामुळे पिंपात साठवलेलं, कधी बोअरचं, कधी फिल्टरचं. बोअरच्या जड पाण्यात तोच अर्ल ग्रे करून बघा. रंग गढूळ काळपट होतो, वर पातळ तवंग धरतो आणि कपाच्या कडेला तपकिरी वळ उमटतो. पाण्यातलं कॅल्शियम आणि चहातली तुरट द्रव्यं हवेच्या संगतीनं हा तवंग बनवतात. लिंबाचे दोन थेंब टाकले की तो विरतो आणि रंगही उजळतो, पण बर्गमॉटवर लिंबू म्हणजे गाण्यावर गाणं. त्यापेक्षा फिल्टरचं पाणी बरं. नळाला पाणी आलं त्या दिवशी क्लोरीनचा भपका असतो, त्या दिवशी मी नवीन डबा फोडत नाही.

आता याच डब्यांतला रूइबॉस. हा मुळात चहाच नव्हे. तूर-हरभऱ्याच्या कुळातलं झुडूप, दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम केप प्रांतातल्या सेडरबर्ग डोंगरांत आणि त्याच्या आसपास होणारं, बहुतेक कोरडवाहूच. कोरडवाहू म्हटलं की सोलापूरकराला आपुलकी वाटणारच. तिथले खोइ आणि सान लोक ते पूर्वीपासून वापरत आले. १९०४ च्या सुमारास बेंजामिन गिन्सबर्ग नावाच्या व्यापाऱ्यानं ते बाजारात आणलं, आणि त्याच भागातल्या क्लॅनविल्यम गावच्या डॉ. नॉर्टिए यांनी १९३० च्या आसपास त्याची लागवड जमवली. बी मिळवणं अवघड होतं, मुंग्या ते बिळात नेऊन ठेवत, म्हणून वारुळांतून गोळा करावं लागे. हिरव्या काड्या बारीक कापून, चेचून, ओल्या करून ढीग लावतात. ढिगात त्या तांबूस होतात, गोडसर वास सुटतो, मग उन्हात पसरतात. २०२१ मध्ये युरोपीय संघानं या नावाला भौगोलिक संरक्षण दिलं. आपल्या सोलापुरी चादरीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, तसंच काहीसं.

त्यात कॅफिन नसतं आणि तुरट द्रव्यं फार कमी. म्हणून काळ्या चहाचे नियम इथं चालत नाहीत. सात-आठ मिनिटं ठेवा, विसरलात तरी कडू होत नाही. तीन मिनिटांत काढलात तर फिकट लाल पाणी मिळेल आणि तुम्ही मला नावं ठेवाल. नुसता रूइबॉस लाकडासारखा, किंचित मधासारखा लागतो. त्याला स्वतःची अशी कडू बाजू नसल्यामुळे व्हॅनिला, दालचिनी, संत्र्याची साल त्यावर शोभतात. काळ्या चहावर फसलेला व्हॅनिला रूइबॉसवर चांगला निघतो, हे माझं ठाम मत. आमची आई त्याला "लाल काढा" म्हणते, गूळ-दूध घालून उकळते आणि रात्री जेवणानंतर घेते. मी तिला शास्त्र सांगायला जात नाही, कारण तो खरंच छान लागतो.

"दूध घालू का?" हा दुसरा प्रश्न. दालचिनी, वेलची, व्हॅनिला, कॅरॅमलला खुशाल घाला. दुधातली प्रथिनं तुरटपणा धरून ठेवतात, चहा मऊ होतो. वास मात्र थोडा दबतो. लिंबू, संत्रं, बेरी यांच्यात नको. आणि पाकिटावर हिबिस्कस दिसलं तर अजिबात नको. ती लाल अंबाडीची बोंडं असतात, चांगलीच आंबट, दूध नासतं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत अंबाडीची भाजी खाल्ली असेल तर त्या आंबटपणाची कल्पना आहेच.

पहिल्यांदा घ्यायचाच असेल तर एक साधा आसाम पत्ती, एक अर्ल ग्रे आणि एक बिनवासाचा रूइबॉस घ्या, तिन्ही लहान पाकिटं. दोन-तीन घरांत वाटून घेतलं तर उत्तम. पाकीट फोडल्यावर वास काही महिन्यांत उडायला लागतो, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात तर आणखी लवकर. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, अंधारी फळी, काळ्या मसाल्यापासून आणि गॅसपासून लांब. फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथं त्याला कालच्या आमटीचा वास लागतो.