आमची वाटचाल : झोतभट्टीच्या मळीपासून सिमेंटपर्यंत

लोखंड बनवणाऱ्या झोतभट्टीतली मळी, म्हणजे स्लॅग, दळून सिमेंट करायचं ठरवलं तेव्हा घरापासून बँकेपर्यंत सगळ्यांनी एकच विचारलं, "टाकाऊ मालाचं सिमेंट घेणार कोण?" खरं तर या मालाचा गुण १८६२ मध्येच जर्मनीत एमिल लांगेन यांच्या ध्यानात आला होता. भट्टीतून साधारण १५०० अंशांवर निघालेला मळीचा वितळलेला रस पाण्याच्या जोरदार झोताने एकदम थंड केला, तर त्याचे वाळूसारखे काचमय दाणे होतात. हेच दाणे बारीक दळले की चुन्याच्या संगतीत सिमेंटसारखे घट्ट होतात. तोच रस सावकाश निवू दिला तर त्याचा दगड होतो, खडीच्या कामाचा. म्हणून खरेदीला गेलो की आधी दाणा बघायचा. दर त्यानंतर.

सुरुवातीला आम्ही क्लिंकर (चुनखडक भाजून केलेले सिमेंटचे खडे), स्लॅग आणि जिप्सम एकत्रच मिलमध्ये टाकायचो. माल हाताला मऊ लागायचा, त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो. पण ताकद तपासायचे २८ दिवसांचे ठोकळे, म्हणजे क्यूब, दाब देणाऱ्या प्रेसखाली ठेवले आणि अपेक्षेच्या बरेच आधी फुटले. दोन रात्री झोप लागली नाही. कारण पुढे उमगलं : स्लॅग क्लिंकरपेक्षा दळायला कठीण. क्लिंकरचं पीठ होत होतं आणि स्लॅग जाडाच राहत होता. तेव्हापासून स्लॅग वेगळा दळतो, मग मिसळतो. त्याआधी तो वाळवावा लागतो आणि त्यातले लोखंडाचे कण चुंबकाने काढावे लागतात. इंधन, वीज, वेळ, तिन्ही वाढलं, पण हा निर्णय घेतला नसता तर आज हे लिहायला आम्ही उरलो नसतो.

दुसरी परीक्षा ग्राहकाकडे झाली. एका कंत्राटदाराने कॉलमचा कोपरा फोडला, तर आत निळसर हिरवा रंग! भेसळीचा आरोप आला. मी स्वतः साइटवर गेलो. स्लॅगमधल्या गंधकाच्या संयुगांमुळे कोवळ्या काँक्रीटला असा रंग येतो आणि हवा लागली की तो उडतो, हे समजावलं. फोडलेला तुकडा त्यांच्याच टेबलावर ठेवून आलो. काही दिवसांनी तो राखाडी झाल्याचा फोन आला, आणि त्यापाठोपाठ नवी ऑर्डर.

एक गोष्ट मात्र आम्ही विक्रीआधीच सांगतो. या सिमेंटची ताकद सुरुवातीला हळू चढते, थंडीत तर आणखी हळू. शटरिंग घाईने काढायचं असेल तर आमचा माल घेऊ नका. पाणी मारण्यात कसूर झाली तर नुकसान ठरलेलं. पण पायाच्या मोठ्या राफ्टमध्ये, म्हणजे अखंड जाड काँक्रीटच्या थरात, उष्णता कमी हवी असेल, खाऱ्या पाण्याजवळ सळई जपायची असेल, तर छातीठोकपणे हेच सुचवतो. आणि जितका क्लिंकर वाचतो, तितका चुनखडक भाजायचा वाचतो, तितका कार्बन डायऑक्साइड हवेत जायचा राहतो.

आता प्रत्येक बॅचचे जादा क्यूब आम्ही ९० दिवसांसाठी पाण्यात ठेवतो. टाकीवर तारखा खडूने लिहिलेल्या असतात आणि ते फोडायच्या दिवशी मी प्रेसजवळ असतोच.