गाडी मिळाली, आरसीवरचा बोजा उतरता उतरेना

सेकंडहँड गाडी घ्यायला निघालेल्या ओळखीच्या माणसाला मी आता आधी एकच विचारतो: आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी पुस्तकावर, फायनान्स कंपनीचं नाव आहे का? असेल तर इसार देऊ नका. गाडी कितीही मनात भरलेली असो.

बेळगावात घरात आम्ही सहा जण. आई-बाबा, आम्ही दोघं आणि दोन पोरं. गणपतीला चंदगडला गावी, सुट्टीत चोर्ला घाटातून गोवा, मधूनच सौंदत्तीला यल्लम्माचं दर्शन. पावसाळ्यात खानापूरच्या पुढं रस्ता कुठला आणि खड्डा कुठला ते कळत नाही, म्हणून उंच गाडी हवी होती आणि तिसरी रांगही. ब्रेझा, क्रेटा पाच सीटर. इनोव्हा क्रिस्टा बजेटबाहेर. ज्या स्कॉर्पिओ बघितल्या, त्यांत मागं समोरासमोरची बाकं होती; तिथं पोरांना बसवायला बायकोनं साफ नकार दिला आणि तिचं बरोबरच होतं. राहिली एक्सयूव्ही ५००. २.२ लिटर डिझेल इंजिन, घाटात सहा माणसं घेऊन दमत नाही.

आपल्या पट्ट्यात गाडी बघताना आधी पुराचं पाणी शोधायचं. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात चिकोडी, गोकाकपासून कोल्हापूर, सांगलीपर्यंत किती गाड्या बुडाल्या ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. उद्यमबागेतला आमचा मेकॅनिक म्हणाला, "इंजिनचा आवाज मागाहून ऐकूया की ओ, आधी पट्टा ओढा." सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढायचा. एरवी आत गुंडाळलेला असतो त्या भागावर गाळाची रेघ दिसली तर तिथूनच परत फिरायचं. स्टेपनी काढून खालचा खड्डा बघायचा, डॅशबोर्डखालचे कनेक्टर हिरवे पडलेत का तेही. एक पांढरी, चकाचक गाडी आम्ही अशीच सोडली. गोवा पासिंगच्या गाड्या खालून बघितल्याशिवाय घेऊ नका, खाऱ्या हवेनं चेसिस गंजलेली असू शकते.

शेवटी पसंत पडली ती एमएच पासिंगची. मालक निवृत्त शिक्षक, गाडी जपून वापरलेली, सर्व्हिसचा सगळा कागद फाईलला लावलेला. फक्त आरसीवर बोजा, म्हणजे फायनान्स कंपनीच्या कर्जाची नोंद. "कर्ज केव्हाच फिटलंय हो," गुरुजी म्हणाले, आणि ते खरंच होतं. पण बोजा असेपर्यंत फायनान्स कंपनीच्या संमतीशिवाय मालकी बदलत नाही आणि दुसऱ्या राज्यात न्यायची आरटीओची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्रही, मिळत नाही. मी सांगितलं, बोजा उतरू दे, मग पैसे. माणूस सरळ होता, लगेच कबूल झाला.

तिथून जे सुरू झालं त्याचा राग अजून जात नाही. कर्ज दिलेली शाखा बंद झालेली. कागद दुसऱ्या शहरातल्या ऑफिसात. तिथं गेलो तर म्हणे, कर्ज फिटल्याची आमची एनओसी त्याच वेळी पोस्टानं पाठवली होती, आमच्याकडं नोंद आहे. गुरुजींना ती मिळालेलीच नव्हती. मग डुप्लिकेट हवी तर स्टॅम्प पेपरवर ॲफिडेव्हिट, हरवल्याची पोलीस तक्रार, अर्ज. हे सगळं दिल्यावर उत्तर एकच: "वर पाठवलंय." वर म्हणजे कुठं, ते कुणी सांगेना. फोन केला की नवीन माणूस, नवीन तक्रार क्रमांक, आणि पुन्हा पहिल्यापासून सगळी कथा. सत्तरीतला माणूस काउंटरसमोर उभा आहे, फेडलेल्या कर्जाचा पुरावा मागतोय, आणि समोरचा मान वर करून बघतही नाही. मला तिथं आवाज चढवावा लागला, आणि चढवला ते योग्यच केलं.

शेवटी कंपनीचं डुप्लिकेट एनओसीचं पत्र आलं तर चेसिस नंबरात एक अक्षर चुकीचं. परत पाठवलं. दुरुस्त होऊन आलं तेव्हा बोजा उतरवायच्या ऑनलाइन अर्जाचा ओटीपी गुरुजींच्या बंद पडलेल्या जुन्या नंबरवर जायला लागला. आधी तो नंबर बदलून घेतला. पत्रावर तीन महिन्यांची मुदत छापलेली असते, हे विसरू नका. मुदत संपली की तोच फेरा पुन्हा. म्हणून पत्र हातात पडताच पहिल्यांदा चेसिस आणि इंजिन नंबर अक्षर-अक्षर जुळवायचा, काउंटर सोडायच्या आधी.

बोजा उतरला, बाकी राहिलेली ई-चलनं भरली, फॉर्म २८ वर आरटीओची एनओसी मिळाली. त्या दिवशी गुरुजींना पैसे दिले. इकडं बेळगावात नवीन नंबरासाठीचा फॉर्म २७, तपासणी, चेसिस नंबरचा पेन्सिलनं काढलेला छाप, आणि केए २२ नंबर आला. त्यात सांगण्यासारखं काही नाही. आयुष्यभराचा रोड टॅक्स मात्र इथं नव्यानं भरावा लागतो. गाडीची मूळ किंमत आणि वय बघून ठरतो. गाडीचा भाव ठरवतानाच हा आकडा काढून ठेवा, नाहीतर एमएच गाडी उगाच स्वस्त वाटते. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, त्यासाठी इथला नवीन नंबर आणि टॅक्सची पावती जपून ठेवा. एमएच नंबरवरच गाडी इथं वर्षानुवर्षं फिरवणारे बरेच आहेत, पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणं बारा महिन्यांच्या वर ठेवली तर इथला नंबर घ्यावाच लागतो.

इन्शुरन्सचं राहिलंच. नावावर करायला १४ दिवस असतात, आणि आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची हप्त्यातली सूट, आपल्याला मिळत नाही. फास्टॅगही गुरुजींना बंद करायला लावा आणि आपला नवीन घ्या. नाहीतर कोगनोळीच्या नाक्यावर टोल त्यांच्या खात्यातून कापला जाईल.