मामाजी ठोका देतात, मी रंग दाबते

पिवळं बटण दहातून चारदाच लागायचं. हिरवं, लाल, निळं, केशरी ठणठणीत. पिवळं मात्र मनात आलं तर.

ही गिटार माझ्या धाकट्या भावाची. पुण्यातली नोकरी सोडून बंगळुरूला जाताना त्याने खोली रिकामी केली आणि फेकवत नव्हतं ते सगळं नागपुरात मानेवाड्याला आमच्या घरी आणून टाकलं. त्यात ही पांढऱ्या प्लास्टिकची, वेड्यावाकड्या कोनांची वस्तू होती. तारा नाहीत. मानेवर पाच रंगीत बटणं, जिथे तारा छेडायच्या तिथे वरखाली हलणारी एक पट्टी आणि तिच्याखाली एक दांडी. ही 'गिटार हीरो' या व्हिडिओ गेमची गिटार. तो खेळ २००५ साली हार्मोनिक्स या अमेरिकन कंपनीने बनवला. आमची गिटार एक्सबॉक्स ३६० या टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रासाठी २००७ मध्ये आलेल्या दुसऱ्या भागाबरोबरची. २०११ मध्ये हा खेळ विकणाऱ्या ॲक्टिव्हिजन कंपनीने गिटार हीरोचा विभागच बंद केला. म्हणजे सगळ्यांचं खूळ उतरल्यावर मला चढलं.

एक्सबॉक्स आमच्याकडे नव्हताच. पण या गिटारीला साधी यूएसबीची वायर आहे, लॅपटॉपला लावली की विंडोज तिला लगेच ओळखतं. खेळ भावाने फोनवरून सांगून टाकून घेतला: 'क्लोन हीरो', फुकटातला, त्याच धर्तीचा. लॅपटॉप टीव्हीला जोडला, ब्लूटूथ स्पीकर लावला. मे महिना, बाहेर पंचेचाळीस, हॉलमध्ये कूलर घरघरत होता. टीव्हीच्या स्वतःच्या आवाजाचं त्या घरघरीपुढे काही चालत नव्हतं, म्हणून तो स्पीकर. ही चूक आहे हे कळायला मला तीन आठवडे लागले.

आधी पिवळ्याचं. बर्डीला एका रिमोट-मोबाइलवाल्याकडे गिटार नेली. त्याने ती उलटीसुलटी पाहिली, मान उघडली आणि म्हणाला, "मॅडम, हे तर रिमोटच आहे ना." खरंच, आत टीव्हीच्या रिमोटमध्ये असते तशी रबराची पट्टी, तिच्यावर काळे ठिपके. त्याने आयसोप्रोपिल अल्कोहोलने ठिपके आणि खालची सर्किटची पाटी पुसली, पाच मिनिटांत काम झालं. पैसे सांगताना मात्र त्याने गिटारीचा भाव लावला, रिमोटचा नाही.

खेळ सांगायला सोपा आहे. टीव्हीवर एक रस्ता तुमच्याकडे धावत येतो, त्यावर रंगीत गोट्या. गोटी खालच्या रेघेवर आली की त्या रंगाचं बटण दाबून ठेवायचं आणि त्याच क्षणी पट्टी छेडायची. ईझीला तीनच रंग, मीडियमला चार, हार्डला पाच. सलग दहा गोट्या लागल्या की गुण दुप्पट, वीसला तिप्पट, तीसला चौपट. एक चुकली की परत एकपट. मी ईझीलाच अडकले होते. कधी साठ टक्के, कधी पंचावन्न. लहानपणी चार वर्षं तबला शिकले आहे, तीनतालाची सम चुकत नाही, आणि इथे तीन रंग जमेनात! नवरा म्हणाला, "तुझं वय झालं." चौतिसाव्या वर्षी.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, या सगळ्यात नव्हतेच. ते आतल्या खोलीत पेपर वाचत. वीज मंडळातून निवृत्त, आणि दर गुरुवारी कॉलनीच्या भजन मंडळात खंजिरी. त्यांच्या वडिलांनी तुकडोजी महाराजांना खंजिरीवर भजन म्हणताना समोर बसून ऐकलं होतं, तेव्हापासून ती खंजिरी घरात आहे. एका दुपारी त्यांनी आतूनच हाक मारली.

"सुनबाई, तू घाई काऊन करून राहिली?"

"कुठे घाई, मामाजी?"

"तुझी टिक आधी पडते, गाण्याचा ठोका मागून येते."

या गिटारीची पट्टी छेडली की टिक असा कोरडा आवाज होतो. मला त्याची इतकी सवय झाली होती की तो ऐकूच येत नव्हता. त्यांना फक्त तोच ऐकू येत होता, कारण ते स्क्रीन पाहत नव्हते. मी म्हटलं, पण गोटी तर बरोबर लागली, हे बघा, फुटली. ते दारात येऊन टीव्हीकडे बघत म्हणाले, "मग हा टीव्ही खोटं बोलून राहिला."

टीव्ही नव्हे, स्पीकर. ब्लूटूथवरून जाताना आवाजाची गठडी बांधली जाते, पलीकडे ती सोडली जाते आणि त्यात वेळ जातो. सिनेमा पाहताना कळत नाही, कारण तिथे बहुतेकदा चित्रही तेवढंच थांबवून ठेवतात. खेळ थांबत नाही. त्यात आवाज-चित्राचा मेळ मोजायची सोय आहे: ठोके वाजतात, तुम्ही त्यावर छेडत जायचं, शेवटी मिलिसेकंदांत आकडा मिळतो. माझा १९० आला. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत दोन ठोक्यांमध्ये ५०० मिलिसेकंद असतात, त्याचा चौथा हिस्सा १२५, म्हणजे माझा आवाज पाव ठोक्याहूनही जास्त मागे. या खेळात गोटीच्या अलीकडे-पलीकडे साधारण ७० मिलिसेकंदांची सूट मिळते. म्हणजे कानाने वाजवलं की हमखास चुकणार, आणि डोळ्याने वाजवलं की कान मागे ओढणार. तबला शिकलेल्या माणसाचं दोन्हीकडून मरण.

स्पीकरला साधी वायर लावली. टीव्हीत गेम मोड असतो, तो चालू केला. तो चित्रावर करायची रंगरंगोटी कमी करतो, त्यामुळे चित्रही लवकर येतं. पुन्हा मोजलं, ३५. तो आकडा खेळात भरला आणि त्याच संध्याकाळी ईझीला ९४ टक्के. नवऱ्याला मुद्दाम दाखवले.

मीडियम आठवड्यात झालं. हार्डला मात्र केशरी येतं, आणि बोटं चार! करंगळी पाचव्या बटणावर न्यायची की अख्खा हात एक घर खाली सरकवायचा, हे गोटी दिसल्यावर ठरवलं तर उशीर झालेला असतो. मी सराव मोडमध्ये एकच तुकडा निम्म्या वेगाने घोटत बसले. तिथे एक गोष्ट सापडली: सुटी गोटी असेल तर वरचा रंग दाबताना खालची बटणं सोडावी लागत नाहीत. हिरव्यावर बोट तसंच ठेवून पिवळं छेडलं तरी चालतं. निम्मी धावपळ तिथेच वाचली.

तरीही हार्डची जलद गाणी निसटायची. डावा हात सांभाळला की उजवा चुके. तेव्हा मामाजींना शेजारी बसवलं. गिटार दोघांच्या मांडीवर, रंग माझे, पट्टी त्यांची. पहिल्या कडव्याला एकही गोटी सुटली नाही. मग गाण्यात दोन मात्रांची मोकळी जागा आली आणि मामाजींनी ती भरली. तिरकिट भरावं तशी. इथे गोटी नसताना छेडलं तरी चूकच, चौपट गेली.

"तिथे काही नाही मामाजी, रिकामं सोडायचं."

"रिकामं? अन् मंग आपण काय करायचं तोपर्यंत?"

म्हणून मी त्यांच्यासाठी गाणं बनवायला घेतलं. गुरुवारी फोनवर भजन रेकॉर्ड केलं आणि मूनस्क्रेपर नावाच्या प्रोग्रॅममध्ये खंजिरीच्या प्रत्येक थापेवर गोटी ठेवत गेले. सगळ्या 'ओपन', म्हणजे कुठलंच बटण न दाबता नुसतं छेडायचं, स्क्रीनवर जांभळी आडवी पट्टी दिसते. आठ मात्रांचा ठेका, वाटलं अर्ध्या तासाचं काम. पण भजन चढत जातं. सुरुवातीला मिनिटाला ९२ ठोक्यांचा वेग लावला तो दुसऱ्या अंतऱ्यालाच घसरला, शेवटच्या गजरात १४० च्या वर. दर दोन आवर्तनांना नवा वेग भरावा लागला. चार रात्री गेल्या.

पाचव्या दिवशी मामाजी एकटेच बसले, चष्मा लावून. स्वतःचं भजन, स्वतःच्या थापा, बटण एकही नाही. गजर संपला, आकडा आला: ७१ टक्के.

मी म्हटलं, मामाजी, हे तुमचंच वाजवलेलं आहे.

"ते मागच्या गुरुवारचं होतं," ते म्हणाले. "आज काऊन तसंच वाजवू?" आणि गिटार माझ्या हातात देऊन कूलरमध्ये पाणी टाकायला गेले.