'नॉलेज'ची लेखकसूची : साप्ताहिक अंक पूर्ण

लंडनहून 1881 ते 1917 या काळात निघालेल्या 'नॉलेज' या विज्ञान नियतकालिकाची लेखकसूची करण्याचे माझे काम या महिन्यात एका टप्प्याला पोहोचले. ऑक्टोबर 1885 पर्यंतचे साप्ताहिक अंक नोंदवून झाले आहेत. पुढच्याच महिन्यापासून ते मासिक झाले.

संस्थापक-संपादक रिचर्ड प्रॉक्टर यांनी पहिला अंक 4 नोव्हेंबर 1881 रोजी काढला. नॉर्मन लॉकयर यांच्या 'नेचर' या विज्ञान साप्ताहिकाचा पहिला अंक बरोबर बारा वर्षांपूर्वी, 4 नोव्हेंबर 1869 रोजी निघाला होता, आणि या दोघांचे वैर ठाऊक असलेल्या माझ्यासारख्या वाचकाला त्या तारखेत थोडी खोच दिसल्यावाचून राहत नाही. 'नेचर' शास्त्रज्ञांकडे झुकत गेले होते. दोन पेनी किमतीच्या 'नॉलेज'ने मात्र साध्या शब्दांत, तरीही अचूक विज्ञान सांगण्याचे वचन शीर्षकाखालीच छापले होते. ग्रँट ॲलन निसर्गावर आणि एडवर्ड क्लॉड पुराणकथांवर लिहीत. शिवाय बुद्धिबळ आणि व्हिस्ट या पत्त्यांच्या खेळाचे सदर असे.

सूचीत खरा घोळ झाला तो या व्हिस्टपासूनच. त्या सदराखाली 'फाइव्ह ऑफ क्लब्स', म्हणजे आपली किलवरची पंजी, अशी सही असे. 'टॉमस फॉस्टर' हे नावही मी स्वतंत्र लेखकाचे समजून त्याचे वेगळे कार्ड केले होते. दोन्ही टोपणनावे प्रॉक्टर यांचीच असल्याचे कळल्यावर दोन संध्याकाळी कार्डे एकत्र करण्यात गेल्या, आणि संपादकाने साप्ताहिकाचा किती भार एकट्याने उचलला होता हे तेव्हा प्रथम नीट ध्यानात आले.

1888 मध्ये प्रॉक्टर न्यूयॉर्कमध्ये वारले व संपादन आर्थर रॅनयार्ड यांच्याकडे गेले. पुढचे काही खंड चाळले, तेव्हा आकाशगंगेच्या छायाचित्रांची पाने अधिक देखणी वाटली, पण प्रॉक्टर यांचा भांडखोर, गप्पिष्ट सूर हरवलेला जाणवला. स्कॅनमध्ये ती छायाचित्रे निव्वळ काळे डाग झाली आहेत, म्हणून त्या खंडांसाठी छापील प्रत शोधतो आहे.

एक कार्ड मात्र क्रम मोडून आधीच केले आहे : वॉल्टर माँडर. 'नॉलेज'मध्ये खगोलावर लिहिणारे हे गृहस्थ 22 जानेवारी 1898 चे खग्रास सूर्यग्रहण पाहण्यासाठी पत्नी ॲनी यांच्यासह वऱ्हाडातील तळणी येथे आले होते.