आमची वाटचाल : पात्यावरचा उंच हात

वडिलांनी सोलापुरात भाड्याच्या गाळ्यात एका वेल्डिंग मशीनवर धंदा सुरू केला. ट्रॉल्या, शेडचे सांगाडे, जेसीबीच्या बकेटची डागडुजी. पोट त्यावरच चालायचं.

एका उन्हाळ्यात मंगळवेढ्याकडचे एक डोझरमालक आले. सगळं पडीक रान विलायती बाभळीनं माजलेलं. ही बाभूळ वरून तोडली की बुडातून पुन्हा फुटते, गड्ड्यासकट उपटली तरच रान मोकळं होतं. डोझर म्हणजे पुढं रुंद पातं असलेलं, लोखंडी चेनवर चालणारं मशीन. त्याचं पातं खोडाला अगदी बुडाशी लागतं. तिथं झाड ढिम्म हलत नाही, चेन मात्र जागच्या जागी माती उकरत बसते. तेच खोड दोन-अडीच मीटर उंचीवर रेटलं की बरंच कमी जोरात कलतं. त्यासाठी त्यांना पात्यावर बसणारा उंच हात हवा होता.

पहिला हात आम्ही थेट पात्याच्या पत्र्यालाच जोडला आणि तिसऱ्या दिवशी पत्रा वेल्डच्या कडेनं फाटला. वडिलांनी खडूनं फरशीवर हिशेब मांडला : पाच टनांचा रेटा दोन मीटर वर लागला, तर हाताच्या बुडाशी दहा टन-मीटरचा वाकवणारा जोर येतो. हा हिशेब आधी करायला हवा होता. पातं आम्ही स्वखर्चानं दुरुस्त करून दिलं.

दुसऱ्या हाताला महिना लागला. जाड प्लेटांचा बंद पेटीसारखा सांगाडा केला, पात्यामागच्या बरगड्यांवर भोकं पाडलेले कान बसवून त्यांत पिना घातल्या. खोड सटकू नये म्हणून टोकाला दातेरी आडवी पट्टी दिली. ७०१८ जातीचे वेल्डिंगचे रॉड ओल जावी म्हणून ओव्हनमध्ये तापवून घेतले. प्लेटला गॅसनं शेक देऊन वडील तिच्यावर ठरावीक तापमानाला वितळणारा खडू ओढायचे, तो वितळला की मगच पहिला टाका.

चाचणीला ऑपरेटर मामांनी झाड कलवलं आणि लगेच डोझर मागं घेतला, कारण मुळांबरोबर वर येणारी माती चेनखाली आली तर मशीनच उचललं जातं. मग पातं खाली घालून उघडी पडलेली मुळं तोडली. चौथ्या झाडाची वाळकी फांदी मात्र थेट केबिनच्या टपावर आली आणि टपाचा पाइप दबला. मामा थोडक्यात वाचले.

तेव्हापासून केबिनवर भक्कम जाळी असल्याशिवाय आम्ही हात देत नाही. एका गिऱ्हाईकानं जाळी वगळून भाव मागितला, तेव्हा वडिलांनी त्यांचा ॲडव्हान्स परत केला. त्या महिन्यात गाळ्याचं भाडं थकलं होतं.